बोट एक दिवस थांबते तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी मागच्या खोलीत बशा भरत असते. यंदा चिटणीसबाईंनी मला हाताला धरून पुढे आणले आणि म्हणाल्या, "बोटीची हकीगत तुम्हीच सांगायची." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची मला सवय नाही. पण एका दिवसाचा हिशेब कसा मांडावा आणि तो कुठे चुकतो, एवढे मला सांगता येईल. कारण तो हिशेब मीच मांडला होता आणि चुकवलाही मीच.

आपल्या भिशीतल्या अकरा जणींनी दोन वर्षे पैसे साठवून बोटीची सहल केली, हे आपणां सर्वांना ठाऊक आहेच. मुंबईच्या धक्क्यावरून बोट सुटली. एक पूर्ण दिवस नुसता समुद्र आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कोची, म्हणजे आपण ज्याला कोचीन म्हणत आलो ते. तिथे बोट दिवसभर थांबून संध्याकाळी पुढे निघणार होती. निघण्यापूर्वी माझ्या सासूबाईंनी पुष्कळ विरोध केला. १९४७ साली भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, ती गोष्ट त्यांनी आपल्या आईच्या तोंडून ऐकलेली. सहाशेच्या वर माणसे गेली त्यात. "बोटीचं नाव काढू नका," असेच त्या म्हणत राहिल्या. शेवटी वन्सं मध्ये पडल्या. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या मोठ्या बहीण. त्या म्हणाल्या, "आई, माझा संसार बोटीच्या पगारावर झाला. मला एकदा बोटीत बसू दे." मग सासूबाई गप्प झाल्या.

वन्संचे यजमान मालवाहू बोटीवर खलाशी होते. त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली. ही गोष्ट ध्यानात ठेवा. त्या वेळी माझ्या ध्यानात ती राहिली नाही.

कोचीच्या दिवसाची आखणी मी आपण होऊन अंगावर घेतली. घरी लग्नकार्य असो, गौरी-गणपती असो, किती वाजता काय चुलीवर चढवायचे ते मीच ठरवते. त्यामुळे मला वाटले, यात काय अवघड आहे? मुलाने मोबाईलवर नकाशा काढून दिला आणि मी वहीत लिहायला बसले.

पहिला धडा तिथेच मिळाला. कागदावर बोट सकाळी आठला लागते आणि संध्याकाळी सहाला सुटते. म्हणजे दहा तास, असे आम्ही समजलो. पण बोट लागली म्हणजे आपण उतरलो असे होत नाही. आधी दोर बांधायचे, शिडी लावायची, मग शेकडो माणसांची रांग. आम्हाला धक्क्याच्या फाटकाबाहेर पडायलाच सव्वानऊ झाले. संध्याकाळीही सहाला सुटते म्हणजे सहाला पोचून चालत नाही. आमच्या बोटीवर पाचच्या आत सगळ्यांनी वर यायचे, असा नियम होता. वाटेत काही झाले तर हाताशी वेळ असावा म्हणून मी चार ही वेळ धरली. सव्वानऊ ते चार म्हणजे पावणेसात तास. त्यातून जाण्यायेण्याचा तास सव्वातास आणि जेवणाचा पाऊण तास वजा करा. हातात उरले पावणेपाच तास. दहाचे पावणेपाच! तांदूळ निवडल्यावर जसा पसाभर कमी भरतो, तसा बोटीचा दिवस कमी भरतो. म्हणून कोणत्याही बंदरात आखणी करताना सकाळपासून पुढे मोजू नका. परत यायच्या वेळेपासून मागे मोजत या.

बोट जिथे लागते त्या बेटाचीही एक गंमत आहे. विलिंग्डन बेट हे देवाने केलेले बेट नव्हे. इंग्रज अमदानीत रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंजिनिअरने बंदर खोल करण्यासाठी समुद्राच्या तळाचा गाळ उपसला आणि त्या गाळाच्या भरावावर हे बेट उभे राहिले. नाव दिले लॉर्ड विलिंग्डन या व्हाइसरॉयचे. मी हे बायकांना सांगितले तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, "म्हणजे नाला साफ करून काढलेल्या गाळावर आपण उभ्या आहोत!" सगळ्या हसल्या. पण बेट असल्यामुळे पाहायच्या जागा पाण्यापलीकडे आहेत. गाडीने जायचे तर तोप्पुंपडीच्या बाजूने पूल ओलांडून वळसा घ्यावा लागतो. नकाशात समोर दिसते ते गाडीने समोर नसते.

दुसरा धडा वाराचा. कोचीत मट्टणचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. ज्यू लोकांचे जुने सिनेगॉग शनिवारी बंद. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना चालते, तेव्हा पाहुण्यांनी आत हिंडायचे नसते. माझे माहेर अलिबागकडचे. तिकडे बेने इस्रायल लोकांना शनिवार तेली म्हणत, कारण तेलाचा घाणा ते शनिवारी चालवत नसत. त्यामुळे सिनेगॉगला शनिवारी कुलूप का, हे मला कोणी समजावून द्यावे लागले नाही. आमचा वार बुधवार होता, म्हणून निभावले. पण वाराबरोबर दुपारही पाहावी लागते. सिनेगॉग दुपारी एकला बंद होते आणि तीनला पुन्हा उघडते. केरळातली देवळेही दुपारी बंद असतात. हे न पाहता निघालेली बाई बंद दारांचे फोटो घेऊन परत येते.

इथवर मी शहाणपणाने वागले. आता माझी चूक सांगते.

वहीत मी नऊ जागा लिहिल्या. राजवाडा, सिनेगॉग, मसाल्याची पेठ, कोकणी लोकांचे तिरुमला देवस्थान, सेंट फ्रान्सिस चर्च, सांताक्रूझ बॅसिलिका, साडीचे दुकान, फेरीबोटीची एक फेरी आणि सर्वांत शेवटी समुद्रकाठची चिनी जाळी. जाळ्यांपुढे मी कंसात लिहिले, 'वेळ उरल्यास'. मला वाटले, जाळी ती काय पाहायची? कोकणातल्या बायकांनी जाळी पाहिली नाहीत काय? वही मी सगळ्यांना वाचून दाखवली. सगळ्या "छान, छान" म्हणाल्या. वन्संही म्हणाल्या.

सकाळी तेरा आसनांची गाडी ठरवली. भाडे आधी बोलून घेतले, हे बरे केले. पण वाटेत काय थांबे घ्यायचे ते बोललो नव्हतो. गाडीवान म्हणाला, "पाच मिनिटं, फक्त बघा, घेऊ नका." आणि त्याने आम्हाला एका मसाल्याच्या दुकानापाशी उतरवले. भगिनींनो, मिरी, वेलदोडा, लवंग, जायफळ यांचा वास नाकात शिरल्यावर अकरा बायका पाच मिनिटांत बाहेर येतील काय? मलाही मोह आवरला नाही. इडुक्कीचा हिरवा वेलदोडा मी मुठीत घेऊन हुंगत उभी राहिले. पाच मिनिटांची पन्नास झाली. भाव करताना दुकानदाराने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, तेव्हाच मी ओळखायला हवे होते. मसाला घ्यायचा तर तो शेवटी घ्यावा. एक तर सकाळचा वेळ मोलाचा असतो, आणि दुसरे म्हणजे पिशव्या दिवसभर वाहाव्या लागतात.

राजवाड्यात पोचायला अकरा वाजत आले. या राजवाड्याला डच राजवाडा म्हणतात, पण बांधला पोर्तुगीजांनी, १५५५ च्या सुमारास, आणि तो कोचीच्या राजाला नजर केला. पुढे १६६३ नंतर डचांनी त्याची दुरुस्ती केली, म्हणून नाव त्यांचे लागले. आपल्याकडेही घर बांधणारा एक आणि नाव रंग देणाऱ्याचे, असे होतेच. बाहेरून वाडा साधा आहे. आत राजाच्या शेजघराच्या भिंतींवर सबंध रामायण रंगवलेले आहे. गेरूसारखा तांबडा, पिवळा आणि हिरवा रंग, आणि माणसे इतकी दाटीने काढलेली की बोट ठेवायला मोकळी जागा नाही. दशरथाच्या राण्या पाहून आमच्या सगळ्या जणी हळू आवाजात बोलू लागल्या. इथे आम्हाला तास हवा होता, मिळाली चाळीस मिनिटे.

तिथून सिनेगॉग चालत जाण्याजोगे आहे. ते १५६८ साली बांधलेले. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. खालच्या फरशा चीनमधून आणलेल्या, पांढऱ्यावर निळी नक्षी, हाताने रंगवलेल्या. वर काचेच्या हंड्या आणि झुंबरे. एकेकाळी या गल्लीत ज्यू कुटुंबे नांदत होती. १९४८ मध्ये इस्रायल झाल्यानंतर बहुतेक सगळी तिकडे गेली. राहिले ते बोटांवर मोजण्याइतके. गल्लीला मात्र ज्यूंचे नाव आजही आहे. आम्ही आत गेलो तेव्हा बारा वाजून गेले होते. दार बंद होण्याची वेळ जवळ आली तसे माझे लक्ष फरशीवरून घड्याळाकडे जाऊ लागले. तिरुमला देवस्थान तर दुपारमुळे राहूनच गेले. पोर्तुगीजांच्या काळात गोव्याहून निघालेले कोकणी लोक इथे येऊन वसले, त्यांचे ते देऊळ. दर्शन घडले नाही, पण गल्लीत एका म्हाताऱ्या बाईने आमचे बोलणे ऐकून कोकणीत चौकशी केली. वन्संनी मालवणीत उत्तर दिले. दोघी पाच मिनिटे एकमेकींचा हात धरून बोलत होत्या. इतक्या दूर आपल्या वळणाची भाषा कानावर पडली की बरे वाटते.

जेवायला बसलो तेव्हा सव्वा वाजला. केळीच्या पानावर तांबड्या जाड तांदळाचा भात, सांबार, अवियल, तोरन, पापड आणि पायसम. आपल्या कोकणातल्या उकड्या तांदळाची ज्यांना सवय आहे त्यांना तो भात आवडला, बाकीच्यांना जड गेला. वाढणी सावकाश चालली होती. मी वही काढली आणि हिशेब केला. सव्वातीनला परतीला निघायचे. जेवण आटपून फोर्ट कोचीत पोचायला अडीच होणार. हातात पाऊण तास. मी उभी राहून जाहीर केले, "साडीचं दुकान आणि एक चर्च एवढंच होईल. फेरीबोट, बॅसिलिका आणि ती जाळी रद्द."

वन्संचा हात पानावर थांबला. त्या म्हणाल्या, "बरं. राहू दे." आणि पायसम न खाता उठून हात धुवायला गेल्या.

शेजारच्या बाईने मला कोपराने ढोसले. म्हणाली, "अगं, त्या कशासाठी आल्यात ठाऊक आहे ना तुला? भावोजींची बोट कोचीनला लागायची. ती जाळी पाण्यात कशी उतरतात, मोठ्या पक्ष्यानं चोच बुडवावी तशी, हे ते दर सुट्टीत घरी येऊन सांगायचे. एकदा त्यांनी स्वतः दोर ओढला होता. रात्री बोटीवर मला म्हणाल्या, एकदा तो दोर हातात धरायचाय."

भगिनींनो, मला घास गिळेना. वन्सं माझ्या घरातल्या. वीस वर्षे आम्ही एका पंक्तीला जेवतो. मी त्यांना विचारलेच नव्हते. मी वही वाचून दाखवली, आणि वाचून दाखवणे म्हणजेच विचारणे असे समजले. त्याही बोलल्या नाहीत, कारण आपल्या माणसाची आठवण म्हणून दहा जणींचा वेळ मागायचा कसा, असे त्यांना वाटले असणार. आपण बायका असेच करतो. घरात "तुला काय हवं" विचारले तर "काहीही चालेल" म्हणतो आणि मग रात्री पडल्यापडल्या वाईट वाटून घेतो.

मी पुन्हा उभी राहिले आणि म्हणाले, "माझी चूक झाली. आपण जाळी पाहायला जाऊ. साडीचं दुकान रद्द." दोघींचे चेहरे उतरले. एकीला मुलीच्या डोहाळजेवणासाठी कसवाची साडी घ्यायची होती, तिची मागणीही खरीच होती. थोडी कुरकूर झाली, ती मी लपवत नाही. पण ज्यांना साडी हवी होती त्यांनीच शेवटी, "चला, उठा लवकर," म्हणून सगळ्यांना उठवले.

अडीचला आम्ही जाळ्यांपाशी होतो. जाळी म्हणजे आपली पागायची जाळी नव्हेत. किनाऱ्यावर मोठमोठ्या लाकडी वाशांचा सांगाडा उभा केलेला असतो आणि त्याला पुढे घरभर रुंद जाळे टांगलेले. मागच्या बाजूला दोरांना मोठे दगड लोंबतात. ते वजन तोलून धरते. पुढची बाजू वाकली की जाळे पाण्यात बसते, पाच-सहा माणसांनी मागचे दोर ओढले की दगड खाली येतात आणि जाळे वर उचलले जाते. विहिरीच्या ओकतीसारखीच ही युक्ती. चिनी व्यापाऱ्यांनी ती इकडे आणली, असे सांगतात. चार पैसे दिले तर ते कोळी पाहुण्यांनाही दोराला हात लावू देतात.

वन्संनी पदर खोचला. चपला काढून फळीवर चढल्या. साठीला आलेल्या बाई, गुडघे दुखतात, पण आम्ही कोणी "जपून" म्हटले नाही. कोळ्यांनी आपल्या मधे त्यांना जागा दिली. त्यांच्या हाका चालल्या होत्या, आणि वन्संही त्यांच्या तालावर दोर ओढत होत्या. जाळे वर आले. त्यात मूठभर चिंगळे, दोन खेकडे आणि एक प्लॅस्टिकची पिशवी. वन्संनी वाकून पाहिले आणि हसल्या. म्हणाल्या, "हे म्हणायचे, एवढं मोठं जाळं आणि मासळी ओंजळभर. मला वाटायचं, थापा मारतात."

मग आम्ही जवळच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये दहा मिनिटे गेलो. वास्को द गामा १५२४ साली कोचीत वारला, त्याला आधी इथेच पुरले होते. पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या, जागा मात्र दाखवतात. वर जुने कापडी पंखे टांगलेले आहेत, ते बाहेरून दोरीने ओढत असत. वन्सं बाकावर बसून राहिल्या. आम्ही त्यांच्याशी बोललो नाही.

सव्वातीनला गाडी सुटली. पुलावर गर्दी होती. धक्क्याच्या फाटकाशी पोचलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटे झाली होती. मी ठरवलेल्या वेळेपेक्षा दहा मिनिटे उशीर, पण बोटीच्या वेळेला अजून पन्नास मिनिटे बाकी. तो राखून ठेवलेला तास असा कामाला आला. पाच वाजायला काही मिनिटे असताना एक कुटुंब मूल कडेवर घेऊन धापा टाकत आले, ते आम्ही वरच्या कठड्यावरून पाहिले. त्यांची त्या वेळची तोंडे मला अजून आठवतात.

आता पुढच्या वर्षी ज्या भगिनी जाणार आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बोटीने स्वतः नेलेली सहल महाग पडते, पण तिला उशीर झाला तर बोट सहसा थांबते. आपण आपल्या गाडीने गेलो तर बोट आपल्यासाठी थांबत नाही. बोटीवर रोज एक छापील कागद देतात, त्यावर परतीची वेळ आणि बंदरातल्या माणसाचा दूरध्वनी असतो, तो कागद पर्समध्ये ठेवा. बोटीचे कार्ड आणि आधारकार्ड जवळ असल्याशिवाय उतरू नका, फाटकावर दोन्ही पाहतात. परदेशी बंदरात गेलात तर गावचे घड्याळ आणि बोटीचे घड्याळ वेगळे असू शकते. आपण बोटीचे मानायचे. पाण्याची बाटली, छत्री, गुडघ्याचा पट्टा आणि रोजची औषधे बरोबर घ्या. बायकांच्या सोयीची जागा कुठे आहे ते आधी विचारून ठेवा, कारण ती वेळेवर न सापडल्याने कितीतरी सहली बिघडतात. आणि नऊ जागा लिहू नका. चार लिहा. त्यातल्या तीन झाल्या तरी दिवस सार्थकी लागला असे समजा.

पण या सगळ्याच्या आधी एक काम करा. वही उघडण्यापूर्वी प्रत्येकीला बाजूला घेऊन विचारा, "तुला एकच जागा पाहायची असली तर कोणती?" चारचौघींत विचारू नका, चारचौघींत सगळ्या "काहीही चालेल" म्हणतात. जी सगळ्यांत कमी बोलते तिला दोनदा विचारा. तिची जागा सकाळी पहिली ठेवा. साडीच्या दुकानापुढे आणि मसाल्यापुढे 'वेळ उरल्यास' लिहा.

कसवाची साडी राहिली त्या भगिनीची मी आजही देणेकरी आहे. पुढच्या खेपेला तिची जागा पहिली, हे आज सर्वांसमक्ष कबूल करते. वन्सं समोरच बसल्या आहेत आणि मान हलवून मला थांबायला सांगत आहेत. मागच्या खोलीत बशाही भरायच्या राहिल्या आहेत.